मिलेंतिये घरी येतो

रातोमिर गायिचने ‘अक्रोडाचं अंगण’ ही टेलिव्हिजन मालिका सोडली तेव्हा पुढचे भाग लिहून तयार होते. लेखक स्पासोयेने ते फाडले आणि घाईघाईने नवे लिहिले. रातोमिर मालिकेत मिलेंतिये होता, आणि मी त्याची बायको कोसारा. नव्या भागांत मिलेंतिये भावाला भेटायला ऑस्ट्रेलियाला निघून गेला. कोसारा फाटकाशी उभी राहून वाट बघत राहिली. टेलिव्हिजनवाल्यांनी थोड्याच दिवसांत मालिका गुंडाळली, आणि मी फाटकाशीच राहिले.

लोकांनी हे भलतंच मनाला लावून घेतलं. माझं खरं नाव वुकोसावा तादिन. मी बेलग्रेडच्या नाटकांत उभं आयुष्य काढलं. लग्न कधी केलं नाही. पण बाजारात गेले की मी नवऱ्याने टाकलेली बाई व्हायचे.

“काय कोसारा, पत्रबित्र आलं का त्या नालायकाचं?” खाटीक विचारायचा आणि तराजूत एक तुकडा जास्तीचा टाकायचा.

टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणायचा, “मी सांगतो ताई, तिकडे त्याने दुसरी ठेवलीय. लिहून घ्या.”

एकदा चर्चच्या दारात एका म्हातारीने मला झापलं. “तूच घालवलंस त्याला! तोंड होतं की गिरणी!”

सुरुवातीला मी हसायचे. मग समजावून सांगायचे. पुढे पुढे तेही सोडलं. हातात पिशव्या, पायात गोळे आलेले, कोण वाद घालणार? “हो, फोन आला होता. बरा आहे,” असं म्हणून मी घरची वाट धरायचे.

रातोमिरवर मात्र माझा राग होता. कुणाला एका शब्दाने न सांगता तो गेला. आमच्या सगळ्या मंडळींचं काम सुटलं. मला त्यानंतर काय मिळालं, तर सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात आणि कोपऱ्यात विणत बसणाऱ्या आज्या.

नऊ वर्षांनी रेल्या नावाचा तरुण दिग्दर्शक माझ्या घरी आला. मालिकेवर एक शेवटचा चित्रपट करायचा होता, टेलिव्हिजनसाठीच.

“लोकांना शेवट द्यायचाय, वुकामावशी,” तो म्हणाला. “मिलेंतिये घरी येतो.”

“मला शेवट नको रे बाळा. मला नवे गुडघे हवेत.”

“रातोमिरकाका हो म्हणालेत.”

मी कॉफी ओतत होते, ती बशीत सांडली. मग मीही हो म्हटलं. वाटलं, एकदाचा तो घरी आला की लोक मला विचारायचं तरी थांबवतील.

चित्रीकरण वाल्येवो शहराजवळ, मालिकेच्या त्याच जुन्या घरात होतं. गोष्टीत संत निकोलसचा दिवस होता, म्हणजे घरच्या संताचा सण, ऐन डिसेंबर. प्रत्यक्षात सप्टेंबर होता आणि अंग भाजत होतं. आम्ही सगळे लोकरीच्या कपड्यांत. अंगणात फेसाचा बर्फ पसरलेला, त्यावर कोंबड्या चोची मारत होत्या.

रातोमिर गाडीतून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. वाळला होता. दातही नवे बसवले होते, ते तोंडात जरा मोठे झाले होते.

“कशी आहेस, वुका?”

“उशीर केलास.”

“अगं, रस्त्यात एक ट्रक आडवा...”

“आजचं नाही म्हणत मी.”

तो मिशा चिकटवून घ्यायला आत गेला.

मुख्य प्रसंग असा होता: घरचे सगळे सणाच्या जेवणाला बसलेत, दार उघडतं, मिलेंतिये आत येतो. कुणी काही बोलत नाही. तो आपल्या जुन्या जागी बसतो, कोसारा त्याला पांढऱ्या घेवड्याचं कालवण वाढते, तो खायला लागतो, आणि मग कोसारा बोलते. दीड पान बोलते. आधी शिव्या, मग नऊ वर्षांचा हिशेब, शेवटी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडणं.

मला ते जमेना. शब्द पाठ होते, तोंडातून येतही होते, पण लाकडासारखे पडत होते. रेल्या म्हणायचा, “सुंदर, मावशी, पुन्हा एकदा.” आणि दर वेळी रातोमिर पुन्हा आत यायचा, बसायचा, वाटीभर घेवडा खायचा. शेवटी त्याने चमचा खाली ठेवला आणि पोटावर हात दाबला.

“काका, नुसता चमचा फिरवा ना,” रेल्या म्हणाला.

“मिलेंतिये चमचा फिरवत नाही. तो जेवतो,” रातोमिर म्हणाला आणि त्याला मोठी ढेकर आली. टेबलाभोवतीची पोरं खो खो हसली. रेल्याने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना थोडी विश्रांती दिली.

आम्ही दोघं अक्रोडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. मी स्वेटरची बटणं सोडली. समोर एक मुलगी झाडूने बर्फ सारखा करत होती.

“बाई होती का?” मी विचारलं.

“कुठली बाई?”

“तू गेलास तेव्हा. कुणी बाई होती का?”

तो हसायला लागला, हसताहसता खोकला. “माझ्याकडे बघून सांग, कुठली बाई येईल?”

“मग? दुखणं? भांडण?”

“नाही गं. दमलो होतो.”

“दमलो होतो म्हणजे?”

“म्हणजे दमलो होतो.” त्याने टोपीने वारा घेतला. “आईला पुरत होतो, वुका. खड्ड्याच्या कडेला उभा होतो. एक माणूस आला, हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी वगैरे. आणि म्हणतो, ‘मिलेंतिये, मालिकेतलं ते तुझं शिंकणं करून दाखव ना एकदा, माझी बायको उभी आहे तिकडे.’”

“मग?”

“केलं.”

मी वाकून पायाशी पडलेला एक अक्रोड उचलला.

“त्यानंतरही येत होतो मी कामाला. मग एके सकाळी गाडीत बसलो, आणि किल्ली फिरवावीशीच वाटेना. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो. शेजाऱ्याला वाटलं, गेलो.”

“सांगायचं होतंस.”

“कुणाला? तुला? तू कधी दमायचीसच नाहीस. घोड्यासारखी उभी असायचीस.”

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. “मी? अरे गाढवा, मी इथल्या न्हाणीघरातल्या टबमध्ये झोपायचे! कपडेपटातली ल्युबिंका माझ्या झग्याला पिना लावायची तेव्हा मी उभ्याउभ्या घोरायचे. तिसऱ्याच वर्षी सोडणार होते मी. रोज ठरवायचे. तुझ्यामुळे राहिले, की हा एवढा म्हातारा राबतोय तर आपण कसं जायचं!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मी तुझ्यामुळे राहिलो होतो,” तो म्हणाला.

 राग काढायला मी इतकी वर्षं एखादं दणदणीत कारण शोधत होते, आणि निघालं हे एवढंसं. माझ्याकडेही तेच होतं की. फक्त मला गाडी नव्हती.

“मग इतके दिवस करतोस काय?”

“बहिणीकडे असतो. मधमाश्या पाळतो. चावतात, पण ओळखत नाहीत.”

रेल्याने हाक मारली. आम्ही एकमेकांचा हात धरून उठलो, दोघांचेही गुडघे वाजले.

पुन्हा दार उघडलं, पुन्हा तो आत आला, बसला. मी वाढलं. त्याने पहिला घास घेतला.  खांद्यावरचा फेस विरघळून त्याच्या मानेवरून खाली चालला होता, आणि टोपी अजून डोक्यावरच होती. ती काढायची राहून गेली होती. मी तोंड उघडलं. दीड पान डोळ्यांसमोर होतं. पण मी म्हटलं, “टोपी काढ. संताची मेणबत्ती लागलीय समोर.”

त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. केस घामाने डोक्याला चिकटले होते.

लिहिल्याप्रमाणे मला उभंच राहायचं होतं. पण मी त्याच्या शेजारी बसले आणि पावाचं ताट त्याच्याकडे सरकवलं. तो जेवत राहिला. पोरं माझ्या भाषणाची वाट बघत होती.  रेल्याने कॅमेरा थांबवला नाही.

शेवटी लेखक स्पासोये कॅमेऱ्यामागून ओरडला, “माझं दीड पान कुठे गेलं?”

“खाल्लं,” रातोमिर म्हणाला. “घेवड्याबरोबर.”

स्पासोये रुसला. म्हातारा माणूस, त्याचीही ही शेवटचीच गोष्ट होती. रेल्या आमच्या आणि त्याच्या मध्ये सापडला. मीच म्हटलं, “लाव रे कॅमेरा. तेही करू.” आणि मी भाषण केलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. शिव्या दिल्या, हिशेब मांडला, त्याच्या छातीवर रडले. या वेळी सगळं सुरळीत झालं. छातीला मधाचा आणि घामाचा वास येत होता. स्पासोयेने माझा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं.

चित्रपट नव्या वर्षाच्या आधी दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी रातोमिरचा फोन आला.

“पाहिलास?”

“सोफ्यावर बसले होते. जाहिराती लागल्या, तेवढ्यात झोप लागली. काय ठेवलं रे त्यांनी?”

“भाषण.”

“अरे देवा.”

“बहीण रडली माझी. अख्खा गाव रडला म्हणे.”

“रडू देत. स्पासोये खूश?”

“फोन केला होता त्याने. तोही रडत होता.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ते टोपीवालं चांगलं होतं,” तो म्हणाला.

“होतं.”

“रविवारी ये ना इकडे. बहीण चीजची भाकर करते, थरांची. बोलायलाच हवं असं काही नाही.”

मी बसने गेले. बहिणीचं नाव देसिमिरका. बाई मोठी गप्प होती, तिने मला काहीच विचारलं नाही. जेवण झाल्यावर तिने आम्हाला शेगडीपाशी दोन खुर्च्या दिल्या. रातोमिर मधमाश्यांचं काहीतरी सांगायला लागला, हिवाळ्यात त्या कशा एकमेकींना चिकटून गोळा होऊन बसतात ते, आणि वाक्याच्या मधेच त्याची मान खाली गेली. मी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. भांडी घासल्याचा आवाज येत होता. पुढचं मला आठवत नाही. देसिमिरकाने हलवून उठवलं तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं, आणि शेवटची बस सुटायला थोडाच वेळ उरला होता.