गुटी आणि छाट

वाकोल्याची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तिच्या मागच्या अंगणात अण्णांनी लावलेला पेरू. आम्ही भाड्याने कांजूरला आलो, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी उठले की एकच विचारतात, "झाडाचा काय झाला?"

झाड उचलून आणता येत नाही. म्हणून निघायच्या आधी एका फांदीला गुटी बांधली. व्हिडिओ बघून शिकलोय. फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक. फांदी झाडावरच राहते, झाडाचं पाणी पिते, तिथेच मुळं सोडते. मग कापायची. वॉचमन ओळखीचा. मी जाऊन बघून यायचो. मुळं अजून नव्हती.

रविवारी मुलुंडला राहणारा मोठा भाऊ सुयोग आला. डिकीतून फांदी काढली. उघडी.

"घे तुझं कलम. वाकोल्यावरून येत होतो, म्हटलं तुझी खेप वाचवू."

"शेवाळ कुठाय?"

"टाकलं. गाडी खराब होत होती यार."

साल काढलेल्या जागी पांढरे ठिपके. मुळं नुकती सुटत होती. सुकली होती.

"अरे, महिनाअखेरपर्यंत झाड तोडणार नव्हते ना!"

"मग? जास्वंद नाही लावत आपण फांदी तोडून?"

"ती छाट, सुयोग. आधी कापायची, मग मातीत मुळं फुटतात. जास्वंदीला जमतं, पेरूला नाही. ही गुटी होती. आधी मुळं, मग कापणं."

"कलमंच ना दोन्ही? शब्दांचा कीस नको पाडू. दुसरी बांध."

"तेवढा वेळ नाहीये आता."

तेवढ्यात अण्णा वॉकर घेऊन बाहेर आले. एक पान चुरगळून वास घेतला. रडले. सुयोगनेच कुंडीत फांदी खोचली, अण्णांनी मूठमूठ माती टाकली. मी नुसता उभा.

निघताना सुयोग दारात हळूच म्हणाला, "सुकलं तर नर्सरीतून आण एक. त्यांना काय कळतंय."

मला नाही जमलं ते. तो गेल्यावर सांगून टाकलं. "अण्णा, ही जगणार नाही. मुळंच नाहीत तिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. कुंडीतली माती दाबत होते.

"सुयोगान आणल्यान मा? मगे जगतला. तू फक्त वेळेर पाणी घाल."

म्हणजे आता ती सुकली, की मी पाणी घातलं नाही म्हणून सुकली.