सगळ्यांसाठी खुलं घर

हर्सूलच्या त्या बिल्डरच्या ऑफिसात मिक्स्ड रिॲलिटीचे चष्मे आले, तेव्हा सुरक्षेचं ट्रेनिंग सोमनाथनंच दिलं होतं. रिकाम्या सॅम्पल फ्लॅटमध्ये चष्मा घातला की सोफा, पलंग, पडदे मांडलेले दिसायचे. तेच दृश्य जवळच्या चष्म्यांना दाखवायचं तर प्रत्येकाचा कोड टाकायचा. ‘सगळ्यांसाठी खुलं’ हे बटण कधीच दाबायचं नाय, असं त्यानं घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं.

अन् दाबलं कुणी? ह्याच शहाण्यानं. सिल्लोडकडचं गिऱ्हाईक कधी एकटं येतं व्हय? फ्लॅट एकाला घ्यायचा, बघायला अख्खी भावकी. कोड टाकून टाकून सोमनाथ वैतागला, सरळ खुलं करून टाकलं, ते पुन्हा बंद केलंच नाय, अन् लई डोकं चालवलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

ह्याच चष्म्यात त्यानं एक घर लपवून ठेवलं होतं. सोबत कामाला असलेल्या प्रेरणाला विचारायची हिंमत वर्षभरात झाली नव्हती, पण संसार मात्र थाटून झाला होता. ओटा, पलंग, खिडकीखाली पाळणा, दारावर पाटी: ‘सोमनाथ - प्रेरणा’. आज विचारायचंच, असं ठरवून दुपारी त्यानं सॅम्पल फ्लॅटच्या बेडरूममध्ये चष्मा चढवला अन् ते घर एकदा डोळे भरून बघायला उघडलं.

तेव्हाच हॉलमध्ये प्रेरणा सिल्लोडच्या आप्पासाहेबांना अन् त्यांच्या भावकीला फ्लॅट दाखवत होती. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, तिच्याही.

सोमनाथच्या देखत पाळणा आपोआप सरकला. त्याला वाटलं, मशीन बिघडलं. तेवढ्यात हॉलमधून आप्पासाहेबांच्या बहिणीचा, मालनबाईंचा, आवाज आला: लेकराला वाऱ्यात निजवतात का कुठं! मग पलंगही फिरला. आप्पासाहेबांना त्याची दिशा पटली नव्हती. म्हणजे हॉलमधल्या चष्म्यांतही हेच घर दिसत होतं, अन् नुसतं बघणं नाय, हात लावणंसुद्धा खुलं होतं. सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच चष्म्यानिशी हॉलमध्ये धावला. प्रेरणा दारापाशी पाटी वाचत होती. तिनं बोट फिरवलं अन् आपलं नाव पुसून टाकलं. पाटीवर एकटा सोमनाथ उरला. तो कशीबशी माफी मागू लागला.

“सोमनाथसर, नाव लावायच्या आधी विचारायचं असतं,” ती हळूच म्हणाली.

तो पुन्हा माफी मागणार, तेवढ्यात ती म्हणाली,

“मग विचारा की. पण आधी ते सगळ्यांसाठीचं बंद करा.”

साऱ्या ऑफिसाला शिकवलेलं ते बटण सोमनाथला काही केल्या सापडेना. शेवटी मालनबाईंनीच आपला चष्मा काढला, अन् भावकीलाही काढायला लावला.