चूल बंद असलेल्या घरी

राजाबाईंनी तिला बस म्हटलं नाही. जयमाला आपली आपणच भिंतीला टेकून खाली बसली. शिरवण्यातलं हे घर तिला नवं नव्हतं. याच ओटीवर राजाबाईंबरोबर सुकट निवडत तिने कित्येक दुपारी काढल्या होत्या. राजाबाईंचा नवरा जाऊन पाच दिवस झाले आणि महापौरांच्या बायकोला आज सवड मिळाली. मिळाली म्हणजे दिली गेली. दारात महापौरांचा स्वीय सहायक आशुतोष मोबाइलमध्ये वेळ बघत उभा होता आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी चालूच होती.

"त्याच दिवशी येणार होते हो मी," जयमाला म्हणाली. "पीठसुद्धा मळलं होतं."

"तुमची पाकिटं आली ना." राजाबाईंच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मानसाला आग देऊन पोरं घरान आली. चूल बंद. तवर तुमचा पोऱ्या जेवनाची पाकिटं घेऊन आला. पयलं पाकीट हातान घेतलं, तं वर दिलीपदादांचा फोटू हसत हाय. मना सांग वैनी, आमच्यात हसन्यासारखा काय झालता?"



"मॅडम, निघू या?" आशुतोष म्हणाला. "सीबीडीच्या कार्यक्रमाला लेट होतंय. साहेब टेन्शन घेतील."

आणि जयमाला उठली. उठायला नको होतं, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

तिचा नवरा दिलीप, म्हणजे महापौर, माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकुनी करणारा साताऱ्याकडचा साधा गडी. नेरूळच्या सोसायटीत दोघं राहायला आली तेव्हा इमारत नवी होती आणि माणसं चारी दिशांनी आलेली. कुणी कोकणातलं, कुणी नांदेडचं. पुढे एका घरी म्हातारा गेला. गावाकडे अशा घरी चूल पेटत नाही, भावकीतून पिठलंभाकरी येते. इथे कुठली भावकी? पोरं उपाशी, मोठी माणसं एकमेकांकडे बघत बसलेली. जयमालाने भाकऱ्या थापल्या, पिठलं हाटलं आणि टोपलं झाकून नेलं. वाढलं, भांडी घासली, परत आली.

तेव्हापासून आजूबाजूच्या सेक्टरांत नि शिरवणे गावात कुणी गेलं की जयमाला तिथे असायचीच. जात विचारली नाही, ओळख विचारली नाही. दिलीप पहिल्यांदा पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा लोक विचारत, कोण हा? उत्तर मिळे, भाकरीवाल्या वहिनींचा नवरा. तो निवडून आला. पुन्हा आला. मग महापौर झाला, आणि दोघं बंगल्यावर राहायला गेली.

बंगल्याला फाटक होतं, फाटकाला पहारा होता. महापौरांच्या बायकोने टोपलं घेऊन गल्लीबोळांत हिंडणं बरं दिसत नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते तिला कधी कळलं नाही. गाडी मिळेपर्यंत गेलेल्या माणसाचा दहावा उरकत असे. मग आशुतोषने पाकिटांची टूम काढली. केटरर ठरला, स्टिकर छापला. हात जोडलेला दिलीप आणि खाली 'आपल्या दुःखात सहभागी'. आता शोकातला फोटो कोण काढून ठेवतो? प्रचाराचा होता, तोच चिकटवला.

त्या दिवशी शिरवण्याहून आल्यावर तिने दिलीपला सगळं सांगितलं.

"अहो, ते स्टिकर काढा. मला जाऊ द्या."

"अगं, अख्ख्या शहरात जेवण पोचतंय. तू किती ठिकाणी पुरी पडशील?"

 हिशेब त्याचा बरोबर होता.

पुढच्या निवडणुकीत महापौर स्वतःच्याच प्रभागात पडले. संघमित्रा नावाच्या एका शिक्षिकेने त्यांना पाडलं. बंगल्याच्या हॉलमध्ये चिंतन झालं. कुणी पाण्याचं कारण काढलं, कुणी खोदलेल्या रस्त्यांचं, कुणी बंडखोराचं. नाचता येईना अंगण वाकडं! सरबराईचा चहा देता देता जयमाला ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही. शिरवण्याच्या केंद्रांवर सगळ्यांत कमी मतं पडली होती.

ती दिलीपबरोबर नेरूळच्या जुन्या घरी परतली. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. बाजारात ती एकटी गेली, मासळीवालीशी मनसोक्त भांडली, येताना रिक्षा न करता चालत आली. फाटक नाही, गाडी नाही, मॅडम म्हणणारं कुणी नाही. तुरुंगातून सुटल्यासारखं तिला वाटत होतं.

अशात एका सकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर गेले. जयमालाने परात पुढे ओढली. किती दिवसांनी! हात आपोआप चालायला लागले. पहिली भाकरी तव्यावर पडली आणि दिलीप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"शाब्बास," तो म्हणाला. "मी तेच सांगणार होतो. पाकिटं ही आपली चूक झाली, मला पटलंय. आता पूर्वीसारखं तूच जायचं. पाच वर्षं आहेत हातात. कुठे काही झालं की आशुतोष तुला कळवेल."

जयमालाने वळून पाहिलं. "पूर्वीसारखं म्हणजे?"

"म्हणजे तू जायचीस तसं. अगं, त्याच्यावरच तर आपण निवडून येत होतो. मला काय माहीत नव्हतं होय?"

तो मनापासून कौतुकाने बोलत होता. तव्यावरची भाकरी करपली. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण टोपलं घेऊन जात होतो आणि हा मागे राहून घरं मोजत होता. बंगला सुटला, पण हे कसं सुटणार? आता गेलं तर मत मागायला गेल्यासारखं, आणि न जावं तर खाली माणसं उपाशी.

तिने करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि बाकीच्या केल्या. टोपलं झाकून ती जिना उतरली. पोस्टमास्तरांचं दार उघडं होतं, आतून त्यांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. या बाईबरोबर तिने कितीतरी वर्षं पापड लाटले होते. आत जाऊन तिला जवळ घ्यावं म्हणून जीव तुटत होता. पण जयमालाने समोरच्या सत्यभामाबाईंची बेल वाजवली.

"हे त्यांच्याकडे नेऊन वाढता? तुमच्या घरचं म्हणून सांगा. माझं नाव नको."

"असं का वहिनी? तुमी चला ना माझ्याबरोबर. मी आत्ताच तिथून आले, ती मघापासून तुमचंच नाव घेतेय."

"नको. तेवढं करा माझ्यासाठी."

सत्यभामाबाई टोपलं घेऊन गेल्या. जयमाला जिन्याच्या वळणावर, कुणाला दिसणार नाही अशी, पायरीवर बसून राहिली. ताटं मांडल्याचा आवाज झाला. कुणीतरी नको नको म्हटलं. मग सून म्हणाली, "आई, एक घास तरी खा." थोड्या वेळाने रडणं थांबलं. भाकरी मोडल्याचा आवाज काही ऐकू येत नाही, पण जयमाला कान देऊन बसली होती. डोळे पुसून ती वर गेली.

"भेटलीस?" दिलीपने उत्सुकतेने विचारलं. "काय म्हणाले?"

"दार बंद होतं," जयमाला म्हणाली, आणि पिठाची परात विसळायला घेतली.