गिटारची घरघर आणि माझी वीज

वीज माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी पुतणीला बजावलं आणि ॲम्प्लिफायर समजून इस्त्री चालू केली.

योगिनीला गंगापूर रोडच्या एका बँडला पाच वाजेपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, आणि तिची सिंगल कॉइलची, म्हणजे आसपासच्या विजेच्या उपकरणांचा आवाज पटकन पकडणारी गिटार सारखी घरघरत होती. मी केबल बदलली, अर्थिंग तपासलं, शेवटी तिलाच गिटारसकट जागेवर फिरवलं. खिडकीकडे तोंड केलं की घरघर कमी व्हायची, भिंतीकडे वळली की पुन्हा सुरू.

"दोष त्या भिंतीकडून येतोय! सापडला की नाही?"

भिंतीवर मी स्वतः बसवलेला दिव्याचा डिमर होता. त्याच्याच मंद उजेडात माझी तपासणी चालली होती.

"सापडला, काका," योगिनी म्हणाली. "आता तेवढा तुमचा दिवा बंद करता?"