सहाव्या मजल्यावरची हाक

फ्रान्समधल्या मार्से शहराच्या उत्तरेला टेकडीवर मुएत नावाची वस्ती आहे. तिथे पोरांना जेवायला बोलवायचं तर फोनबिन कुणी करत नाही. आई खिडकी उघडते आणि हाक मारते. प्रत्येकीची हाक वेगळी, प्रत्येकीची खिडकी ठरलेली. दुसरीच्या खिडकीतून आपल्या पोराला हाक मारायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडून दाखवा बघू!

एशातीच्या पोराने, इबुरोईने, या हाकांचंच गाणं केलं. खाली चौकात माईक लावला, ए बिल्डिंगपासून एचपर्यंत एकेका आईची हाक खिडकीतून जशी आली तशी घेतली, खाली ठेका टाकला आणि मधे स्वतःचं रॅप. गाण्याचं नाव ‘वर ये’. आणि काय सांगावं! उन्हाळा सुरू व्हायच्या आत अख्खा फ्रान्स ‘वर ये’ करत सुटला. लग्नात तेच, बसमध्ये तेच, स्टेडियमवर गोल झाला तरी तेच. मुएतचं नाव घेतलं की पर्स छातीशी धरणारी माणसं टीव्हीवर सी बिल्डिंगच्या फातूची हाक घशाच्या शिरा ताणून मारू लागली.

एशाती पाव आणायला गेली की बेकरीतली पोरगी विचारायची, “मादाम, इबूच्या आई तुम्हीच ना?”

“मीच. दुसरी कोण असणार?” असं म्हणून एशाती गरज नसताना दोन क्रोसाँ जास्त घ्यायची. कोमोरोस बेटांवरून पोटात पोर घेऊन आलेली बाई ती. लोकांची ऑफिसं पुसून पोराला वाढवलं. तिची मान आता ताठ झाली होती, आणि का होऊ नये?

पण एक काटा सलत होता. गाण्यात हाका सातच. ई झाली की ठेका थांबतो, एक हाक मावेल एवढी शांतता होते आणि मग एकदम जी. लोकांना वाटायचं, वा, काय कलाकारी! ते त्या जागी टाळी वाजवायचे. ती जागा एफची होती, जिच्या सहाव्या मजल्यावर एशाती राहायची. एफ बिल्डिंग गेल्या वर्षी पाडली, माणसं शहरभर पांगली. एशातीला पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर घर मिळालं. खिडकीसमोर भिंत.

रविवारच्या बाजारात वार्दाने तिला गाठलंच. वार्दा म्हणजे एफच्या दुसऱ्या मजल्यावरची. वीस वर्षं दोघींनी जिन्यात भांडणं केली आणि एकमेकींची बाळंतपणंही.

“काय गं, मोठ्या गायकाची आई! सगळ्या बिल्डिंगा गाण्यात, आणि तुझी स्वतःचीच गायब?”

“इबूने ईमधल्या खिडकीतून हाक मारायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. दुसरीच्या घरातून माझ्या पोराला हाक मारू? मी काय तिथे पाहुणी आहे?”

“मग तुझ्या घरातून मारायचीस.”

“तळमजल्यावरून? मारून बघितली. भाजीवाल्याला बोलावल्यासारखी आली.”

वार्दाने मिरच्यांची पिशवी खांद्यावर टाकली. “म्हणजे तुझ्या नाकापायी आमची एफ गेली. एकदा यंत्राने पाडली, एकदा तू.”

एशाती भाजी न घेताच बाजारातून निघाली. घरी येऊन ती रडली. रागाने रडली, कारण वार्दाचं खरं होतं.

पुढच्या आठवड्यात इबू जेवायला आला. ताटलीत नारळाच्या रसातला भात वाढता वाढता तिने विचारलं, “ती जागा भरून का टाकली नाहीस रे? कुणाचीही हाक घालायची होतीस.”

“कुणाचीही?” इबू हसला. “आई, मी सहाव्या मजल्यावरच्या हाकेवर वाढलोय. ती मिळत नाही तोवर जागा रिकामी राहील. कंपनीचे लोक म्हणाले, कापून टाक. मी म्हटलं, गाणं कापा, जागा नाही.”

एशातीने भाताचा चमचा पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, “तुझा कार्यक्रम वस्तीतच आहे ना? एफच्या रिकाम्या जागेवर?”

“हो.”

“मग मला सहावा मजला आणून दे.”

सहावा मजला आणला मारियूसने. हा एफच्या तळमजल्यावरचा म्हातारा, जन्मभर रस्त्यांवरचे दिवे दुरुस्त केलेला. पुतण्याकडची, खांबाच्या टोकापर्यंत माणूस चढवणारी, पाळणा असलेली उचलगाडी त्याने मागून आणली. कार्यक्रमाच्या संध्याकाळी, ऊन अजून भिंतींवर असताना, त्याने एशातीला पट्टा बांधला आणि स्वतः शेजारी उभा राहिला.

“भीती वाटते का?”

“तुझ्या श्वासाला बडीशेपेच्या दारूचा वास येतोय, त्याची वाटते.”

“एकच घोट घेतलाय गं, तोही तुझ्या नावाने!”

पाळणा वर गेला. खाली माणसांचा समुद्र. कुठकुठून आलेली पोरं, आणि पुढे कठड्याला टेकून एफच्या बायका. वार्दा मधोमध, हाताची घडी घालून. इबूने गाणं सुरू केलं. ए, बी, सी... आपापल्या खिडक्यांतून बायका खरोखरच हाका मारत होत्या. ई झाली. ठेका थांबला.

एशातीच्या तोंडून आवाज फुटेना. एवढ्या उंचीची भीतीच बसली. खाली हजारो लोकांनी सवयीने टाळी वाजवली आणि जी आली. गेली संधी.

“अगं ए एशाती!” खालून वार्दाचा आवाज आला, जिन्यात भांडताना यायचा तसाच. “झोपलीस काय? पोरगा उपाशी राहील ना!”

एशातीला असा राग आला म्हणता, की भीती कुठल्या कुठे पळाली. दुसरं कडवं संपलं. ए, बी, सी, डी, ई. ठेका थांबला.

“इबुरोईऽऽ! वर येऽऽ! भात निवतोय, वर ये रे!”

ती हाक टेकडीवरून खाली बंदरापर्यंत गेली असेल. टाळी कुणीच वाजवली नाही. आणि ज्याच्यासाठी फ्रान्सभरची तिकिटं संपत होती तो इबुरोई माईक विसरला, मान वर केली आणि दहा वर्षांच्या पोरासारखा ओरडला, “आलो गं आई!” पाय खरोखरच उचलला त्याने जिन्याकडे, त्या जिन्याकडे, जो आता तिथे नव्हता.

मग जो गलका झाला तो काय सांगू! एफच्या बायकांनी आपापल्या पोरांना हाका मारायला सुरुवात केली. पोरं कुठे दूर ल्यों शहरात, कुठे जहाजावर, कुठे बाजूलाच उभी. वार्दा शेजारच्या अनोळखी पोरीचा दंड धरून सांगत होती, “ती आमची एफ! सहावा मजला!” आणि डोळे पुसत होती.

गाणं संपलं. मारियूसने खटक्यावर हात ठेवला. “चल, उतरवतो खाली.”

एशाती समोर बघत होती. स्वयंपाकघरातून दिसायचा तोच समुद्र, तीच बेटं, तीच संध्याकाळची बोट.

“थांब रे मेल्या,” ती म्हणाली. “किती दिवसांनी घरी आलेय.”