मानेवरचा केस, कपाळावर

शुद्धलेखन चुकलं, भाषा साधी वाटली, तर सांभाळून घ्या. मी एक केस बोलतोय. मालकानं आठवीत शाळा सोडली, त्या दिवशी माझंही शिक्षण संपलं. शिवाय मी लाजाळू. मानेवर कॉलरला चिकटून वाढलो, आरशात कधी दिसलो नाही.

माझा मालक अमरसिंह. मंगळवार पेठेत त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. तिशीच्या आतच पुढचे माझे भाऊबंद त्याला सोडून गेले. मालकानं कांद्याचा रस चोळला, लसूण चोळला, कुणा बाबानं दिलेलं हिरवं तेल चोळलं. माणसं डोक्याच्या आत काही घालायला कंटाळतात, वरून मात्र काहीही चोळतात.

दोन हजार आठ साली आजऱ्याच्या क्रांतीचं स्थळ आलं. मालकानं फेट्यातला फोटो पाठवला. फोटो पसंत पडला! आता फेटा काढायच्या आत केस उगवणं भाग होतं. मुलगी बघायचा कार्यक्रम त्यानं दिवाळीनंतर ढकलला आणि मित्र कृष्णातला घेऊन डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या. पहिलीत मानेवरची कातड्याची पट्टी कापायची, तिच्यातली मुळं सोडवून पुढं लावायची. एकाच बैठकीत भरपूर केस, खर्च कमी, पण मागं कायमचा आडवा व्रण. दुसरीत एकेक मूळ टोचून काढायचं. टाके नाहीत, जखम लवकर भरते, बारीक ठिपके तेवढे राहतात. पण वेळ आणि पैसा जास्त, आणि आधी सगळं डोकं तासायचं.

कृष्णात भाताची शेती करायचा. तो म्हणाला, "पट्टी म्हंजे भाताच्या रोपांचा तरवा मुठीनं उपटायचा. दुसरी म्हंजे एकेक रोप लावायचं. पर डॉक्टर, दोन्हीत केस ह्याचंच की. नवं काय देतासा तुमी?"

डॉक्टर खोकले.

मालकाला व्रण नको होता, म्हणून दुसरी ठरली. मला टोचून काढलं, गार पाण्यात ठेवलं आणि कपाळाच्या वर खोवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वारा लागला.

पण आमच्या पेठेत माणूस डोकं तासून आला, की त्याचा एकच अर्थ. त्यात मालकाचे वडील आकाराम पन्हाळ्याला लेकीकडं मुक्कामाला गेलेले. कट्ट्यावर त्यांची जागा रिकामी. शेजारच्या शालूबाईंनी मालकाला बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "सोन्यासारखा माणूस गेला की रं!"

नाही म्हटलं, तर डोकं का तासलं ते सांगावं लागलं असतं. मालकानं मान खाली घातली. केसांचं गुपित राहावं म्हणून बापाला जाऊ दिलं. मिशी शाबूत आहे, हे कुणी बघितलंच नाही.

बातमी आजऱ्याला पोचली. तिसऱ्या आठवड्यात क्रांतीचे वडील आणि आत्या धोंडुबाई चेहरे पाडून भेटायला आले. दार उघडलं आकारामनी. आदल्याच रात्री ते परतले होते.

धोंडुबाई भिंतीला टेकल्या. "अगं बया! तुमी हाय?"

"हाय की. जातोय कुठं?"

"मग तुमच्या पोरानं डोकं कुणासाठी तासलं?"

मालक आतून आला.

"तुमच्या पोरीसाठी," तो म्हणाला, आणि फेट्यातल्या फोटोपासून सगळं सांगून टाकलं.

"माझ्या मढ्यावर केस उगवतोस व्हय रं, भाड्या?" आकाराम कडाडले.

मालकाला वाटलं, स्थळ गेलं. क्रांतीच्या वडिलांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली. आत लख्ख टक्कल. "सुतक न्हाय म्हंजे उद्याच या, पावणं. पोरगी बघंल आणि ठरवंल. फेटा तेवढा घालू नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजऱ्यात क्रांतीनं पोह्यांची बशी पुढं केली. मालक लाजून वाकला आणि मी सुटलो. लावलेले केस पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एकदा गळतात, मूळ आत राहतं, मग पुन्हा उगवतं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मालकानं ऐकलं नव्हतं. मी पडलो तो पोह्यांवरच्या पांढऱ्या खोबऱ्यावर.

क्रांतीनं मला चिमटीत धरून उजेडात बघितलं.

"ह्यो तुमचा, का डॉक्टरचा?"

"माझाच," मालक म्हणाला. "मागचा हाय. पुढं लावलाय."

ती फसकन हसली आणि मला खिडकीबाहेर टाकलं. मी आता खिडकीलगतच्या काजूच्या टरफलांच्या ढिगावर पडलोय. माझं काही मागणं नाही. इथून आतलं दिसतं, तेवढं बस्स. ती दुसरी बशी आणायला निघाली, तर मालकानं नको म्हटलं आणि तीच संपवली. सगळा वेळ ती त्याच्या डोक्याकडं बघत होती. त्यानं ते झाकलं नाही.