पांढऱ्यातली भिंत

"पांढरा जळलाय," डॉक्टर म्हणाले आणि हातातली पट्टी पडद्यावरच्या फोटोवर टेकवून उभे राहिले.

डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांचे दात पांढरे करायचे आणि रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत हौशी फोटोवाल्यांना पांढरा रंग आवरायला शिकवायचं, असा त्यांचा उद्योग. फोटो धाकट्याचा होता, म्हणजे धाकट्यानं काढलेला. दोघे भाऊ तीस वर्षं मिळून घरं रंगवत आले होते, त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना थोरला आणि धाकटा म्हणूनच ओळखत. धाकट्याची पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस रंग न लावता पांढरे झाले, तरी तो आपला धाकटाच.

फोटोत त्याचा दादा शिडीवर उभा होता आणि मागे नुकतीच रंगवलेली भिंत होती. निदान धाकट्याची तशी समजूत होती. पडद्यावर भिंत कुठेच नव्हती. नुसता कोरा कागद, आणि त्यावर दादा कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की सावलीत हरवलेलं मागाहून थोडंफार उजळून काढता येतं, पण पांढरा एकदा जळला की त्यात काही म्हणजे काही उरत नाही, मग किती का डोकं आपटा. फोटो काढल्यावर कॅमेऱ्यात जिथे काळं लुकलुकतं तिथे पांढरा जळाला समजायचं, प्रकाश कमी-जास्त करायचं चक्र उणेकडे फिरवायचं आणि पुन्हा काढायचा. मांडणी मात्र त्यांना आवडली होती. एवढी रिकामी जागा सोडायला धीर लागतो, म्हणाले.

"रिकामी नाही डॉक्टर," धाकटा म्हणाला. "पुट्टीवर रंगाचे तीन हात आहेत तिथं."

सगळे हसले. धाकटाही हसला, पण ते त्याच्या मनाला लागून राहिलं.

लागायला कारण होतं. शाळेच्या सभागृहाचं काम संपलं की आपण शिडीला रामराम ठोकणार, असं दादानं जाहीर करून टाकलं होतं. तीस वर्षांत त्यानं किती भिंती रंगवल्या याची गणती नाही, आणि त्यातली एकही आज त्याची म्हणून दाखवता येत नव्हती. रंगाऱ्याचं काम तेवढंच टिकतं. चार-पाच वर्षांनी कुणीतरी येतो आणि त्यावर आपला रंग चढवून जातो. दादाची एक तरी भिंत, फोटोत का होईना, अशी असावी, की जिच्यावर पुन्हा कुणी रंग मारणार नाही, एवढंच धाकट्याच्या मनात होतं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या फोटोवाल्या मंडळाचं प्रदर्शन होतं. भिंत उरली होती एकच.

आता यात एक गोम होती, आणि ती फक्त धाकट्याला ठाऊक होती. गेलं वर्षभर दादाचा हात कापत होता. रोलर वरून खाली येताना कुठे दाबला जायचा, कुठे सुटायचा, आणि भिंतीवर जाड-बारीक लाटा उमटायच्या. दादा थकून चार वाजता घरी जायचा. ब्रश धुऊन येतो म्हणून धाकटा मागे थांबायचा, त्या लाटा पॉलिशपेपरनं घासायचा आणि वरून रंगाचा आणखी एक हात मारायचा. सकाळी दादा कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभा राहायचा आणि खुशीत येऊन म्हणायचा, "बघ. वाळला की कसा बसतो." धाकटा हो म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

त्या शेवटच्या दिवशी सकाळी उजव्या हाताच्या खिडकीतून तिरकं ऊन भिंतीवरून सरपटत येत होतं. दादानं काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे वावभर, दोन हात पसरले की मावेल एवढं, रंगवलं होतं आणि आता तो शिडीला टेकून, रोलर खाली सोडून दम खात होता. धाकटा सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्यानं दादाला चौकटीत अगदी उजव्या कोपऱ्यात खाली घेतलं आणि बाकी सगळी भिंत सोडून दिली. पहिल्या फोटोत निम्मी भिंत लुकलुकली. त्यानं चक्र एक घर उणे केलं, मग आणखी एक. लुकलुकणं थांबलं. भिंत आली, जशीच्या तशी, पांढरी आणि तरी भरलेली, खिडकीजवळ उजळ आणि लांब जाता जाता मंद होत गेलेली. धाकट्याला इतका आनंद झाला की तो स्वतःशीच बोलला.

मग त्यानं फोटो मोठा करून पाहिला, आणि त्याचं तोंड उतरलं. तिरक्या उन्हानं काहीही लपवलं नव्हतं. दादाच्या खांद्यापासून निघालेली एक एक लाट मोजता येत होती.

त्यानं चक्र पुन्हा अधिककडे फिरवलं आणि आणखी एक फोटो काढला. त्यात सगळं जळून गेलं, लाटाही गेल्या आणि भिंतही.

दुपारी जेवताना दादानं हात पुसून कॅमेरा मागितला. वर्षभर तुझं हे फोटोंचं चाललंय काय ते बघू तरी, म्हणाला. धाकट्यानं जळालेला फोटो पुढे केला. दादानं चष्मा चढवला. "मी बरा दिसतोय. पण भिंत कुठंय रे?" धाकटा प्रकाशावर काहीतरी बोलत राहिला. तेवढ्यात दादानं स्वतःच बटण दाबलं आणि आधीचा फोटो आला.

तो खूप वेळ बघत राहिला. फोटो कसा बघतात ते त्याला माहीत नव्हतं. तो भिंत बघत होता, आणि ती बघायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याचं बोट पडद्यावर एका जागी येऊन थांबलं.

"काल मी इथपर्यंत आलो होतो."

धाकट्यानं डबा बाजूला सरकवला.

"इथपर्यंत सपाट आहे. आणि इथून पुढे हे असं." दादानं चष्मा काढला. "किती दिवस चाललंय?"

"वर्ष झालं."

"आणि मला वाटायचं, वाळला की बसतो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, फोटो पुसून टाकतो, दुसरा देतो. दादानं मान हलवली.

"पुसू नको. हाच दे. हे मीच रंगवलंय, हे तरी खरं आहे." मग तो उठला आणि भिंतीकडे वळला. "ही मात्र नीट कर. शाळेच्या भिंतीवर माझं कापणं कशाला?"

वर्षभरात पहिल्यांदाच ते काम चोरून करायचं नव्हतं, आणि कधी नव्हे एवढं ते धाकट्याला जड जात होतं. तो घासत होता आणि दादा बाजूला उभं राहून सांगत होता: वर घे, जरा डावीकडे, तिथं जाड राहिलंय. मग धाकट्यानं रोलर भिजवला आणि दादाच्या शेवटच्या वावभर कामावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. तो मागे सरला तेव्हा दादानं गाल ओल्या भिंतीच्या जवळ नेला, एक डोळा मिटला आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"गेलं," तो म्हणाला.

त्यानं कोपऱ्यातला पुट्टी लावायचा पत्रा उचलला, गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर सांडलेले रंगाचे थेंब एकेक करून खरवडू लागला.